नागपुरात घरात पुराचं पाणी शिरलं तर सरकारी मदत कशी मिळवायची: पंचनामा, पात्रता आणि कागदपत्रं

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला. नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउटपासून थेट बर्डीच्या (सीताबर्डी) मोरभवन बसस्थानकापर्यंत शिरलं. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता, आणि कित्येक घरांत महालक्ष्म्यांचं विसर्जनही व्हायचं होतं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि नागपूरचे पालकमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बाधित कुटुंबांना 10 हजार, दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. घोषणा सगळ्यांनी ऐकली. पैसा खात्यात यायला काय लागतं हे मात्र बऱ्याच जणांना गाळ उपसून झाल्यावर कळलं. पावसाळा दरवर्षीच येतो, म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवलेली बरी.

कोणाकडे जायचं?

शहरातला माणूस आधी महापालिकेच्या झोन ऑफिसात धावतो. पाणी उपसणं, गाळ आणि कचरा उचलणं, तुंबलेली गडरलाइन मोकळी करणं यासाठी तेच बरोबर आहे. शहरात असे दहा झोन आहेत. पण मदतीची रक्कम महसूल खात्याकडून येते. जिल्हाधिकारी, त्यांच्याखाली तहसीलदार (नागपूर शहर), मग मंडळ अधिकारी आणि तलाठी अशी ती उतरंड. तलाठ्याचं काम फक्त खेड्यात असतं असा शहरात समज आहे, तो चुकीचा. मोठ्या पुरात महसूल आणि महापालिकेचे कर्मचारी मिळून पथकं करतात आणि घरोघर पंचनामे होतात. अडकला असाल तर 112 किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 लावा. मात्र फोनवर तक्रार नोंदवली म्हणजे मदतीचा अर्ज झाला, असं नाही.

पंचनामा

मदतीचा सगळा डोलारा या एका कागदावर उभा आहे. तुमचं घर पथकाच्या यादीत नसेल, तर पुढचं कुठलंच कागदपत्र कामाचं नाही.

पाणी ओसरलं की हात आपोआप झाडूकडे जातो. जरा थांबा. आधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, गाद्या, फ्रिज, पडलेली भिंत. एखाद्या फोटोत घराचा नंबर किंवा विजेचं मीटर दिसू द्या, म्हणजे हे घर तुमचंच आहे यावर वाद उरत नाही. तारीख आणि ठिकाण उमटवणारं कॅमेरा अॅप असेल तर उत्तमच. घाण चार दिवस तशीच ठेवा असं कोणी म्हणणार नाही, लेकराबाळांचं घर आहे. पण फोटो आणि खराब सामानाची हाताने लिहिलेली यादी तयार असली की साफसफाईनंतर आलेल्या पथकालाही काहीतरी दाखवता येतं.

पथक आलं की घरातल्या मोठ्या माणसाने हजर राहावं, आणि सही करण्याआधी पंचनामा वाचावा. पाणी किती फूट होतं, किती वेळ होतं, काय खराब झालं, भिंत पडली की नुसता ओलावा आहे, हे नेमकं लिहिलंय का ते बघा. नाव आधार कार्डावर आहे तसंच हवं. खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड तोंडी सांगू नका, पासबुक समोर धरा. शेवटी पंचनाम्याचा मोबाईलवर फोटो घ्या. त्यात मागायला लाजण्यासारखं काही नाही.

पथक आलंच नाही, किंवा तुम्ही नातेवाइकांकडे असताना येऊन गेलं, तर तहसीलदार, नागपूर शहर यांच्या नावाने साधा अर्ज लिहा. पत्ता, पाणी शिरल्याची तारीख, नुकसानीचा तपशील आणि पंचनामा करण्याची विनंती एवढं पुरे. फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच.

किती आणि कशाची मदत

ही रक्कम सानुग्रह अनुदान असते, नुकसानभरपाई नव्हे. दीड लाखाचं सामान गेलं म्हणून दीड लाख मिळत नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते: घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये; पक्क्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500, कच्च्या घराची झाली तर 4,000; झोपडी पडली तर 8,000. कपड्यांसाठी 2,500 आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी 2,500 रुपये प्रति कुटुंब, आणि तेही घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल किंवा वाहून गेलं असेल तर. नागपुरात पाणी काही तासांत चढतं आणि ओसरतं, म्हणजे ही दोन दिवसांची अट इथे जवळजवळ कधीच पूर्ण होत नाही. राज्य सरकार स्वतंत्र निर्णय काढून दर वाढवतं आणि अटी सैल करतं ते अशाच वेळी. म्हणून ज्या तारखेला पूर आला त्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय बघा, मागच्या वर्षीचा नव्हे.

पार्किंगमध्ये बुडालेली गाडी यात बसत नाही. तो विमा कंपनीचा विषय. भिजलेली गाडी सुरू करून बघू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर दावा अडकतो. जागेवर फोटो काढा आणि टो करूनच गॅरेजला न्या.

कागदपत्रं

आधार कार्ड, रेशनकार्ड, पासबुकचं पहिलं पान आणि राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून वीजबिल. घराच्या पडझडीसाठी मालकीचा कागदही लागतो: आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), विक्रीपत्र, मालमत्ता कराची पावती किंवा गुंठेवारी लेआउट असेल तर नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) भूखंड नियमित केल्याचं पत्र, म्हणजे आरएल. केंद्राच्या निकषात घर अधिकृत असावं अशी अट आहे, आणि शहराच्या कडेच्या कित्येक लेआउटमध्ये घोडं इथेच अडतं. पण ही अट पडझडीच्या मदतीला आहे, घरगुती सामानाच्या मदतीला नाही. झोपडपट्टीतल्या कुटुंबाने पट्टा नाही म्हणून पंचनाम्याला नकार देऊ नये, आणि पथकानेही तो टाळू नये.

भाडेकरूंचं नेहमी राहून जातं. भिंतीची मदत घरमालकाला, पण भिजलेलं सामान भाडेकरूचं. पथकाशी बोलायला घरमालक उभा असेल तर पंचनाम्यात त्याचंच नाव लागतं, म्हणून भाडेकरूने स्वतः हजर राहून आपलं कुटुंब वेगळं लिहायला सांगावं. रेशनकार्ड गावाकडचं असेल तर भाडेकरार, गॅसचं कार्ड, मुलांच्या शाळेचा दाखला, जे असेल ते जोडा.

दुकानदाराने शॉप अॅक्टची नोंदणी, मालाची बिलं आणि जीएसटी असेल तर त्याची विवरणपत्रं द्यावीत. हातगाडीवाल्यासाठी महापालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र सगळ्यात कामाचं. कागदच वाहून गेले असतील तर आधार आणि बरेच दाखले डिजिलॉकरमधून काढता येतात. रेशनकार्डाची दुय्यम प्रत अन्नपुरवठा कार्यालयातून मिळते.

घरातलं माणूस गेलं असेल तर वारसांना मदत मिळते; वरच्याच काळातल्या दरांनुसार ती 4 लाख रुपये होती. त्यासाठी पोलिसांचा मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) आणि घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसांचा पुरावा लागतो. मृत्यू पुरामुळे झाला हे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावं लागतं. म्हणून शवविच्छेदन नको असा आग्रह धरू नका. त्या घडीला ते नको वाटतं हे खरं, पण नंतर तो पुरावा दुसरीकडून उभा करता येत नाही. जखमीला आठवड्याहून जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर त्याच दरांनुसार 16,000, कमी असेल तर 5,400 रुपये होते. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

पैसे आले नाहीत तर

पंचनामा झाला आणि शेजाऱ्याच्या खात्यात रक्कम आली, पण तुमच्या नाही, तर आधी बँकेत जा. बंद पडलेलं खातं, केवायसी बाकी किंवा चुकलेला आयएफएससी, यापैकी काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी. मग तहसील कार्यालयात लाभार्थी यादीत नाव आहे का ते विचारा. उत्तर मिळत नसेल तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे शिक्क्याची प्रत घेऊन जा. त्यानेही नाही झालं तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून तीनच गोष्टी मागा: तुमच्या पंचनाम्याची प्रत, तुमच्या वस्तीची लाभार्थी यादी, आणि तुमच्या अर्जावर काय शेरा मारला ते. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं.