फ्रीमन ‘अमेरिकेचा पहिला होमस्टेडर’ होता का?

नेब्रास्कातल्या बिअॅट्रिसजवळचं डॅनियल फ्रीमनचं शेत आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जपलंय. त्याच्याबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: १ जानेवारी १८६३ला, सरकारी जमीन वसून कसणाऱ्यांना देणारा होमस्टेड कायदा लागू होताच (अशी जमीन घेणारा तो होमस्टेडर), मध्यरात्रीनंतर लगेच ब्राऊनव्हिलचं जमीन कार्यालय उघडायला लावून त्याने देशातला पहिला अर्ज भरला.

मध्यरात्रीची कथा त्याच्याशी कायमची जोडली गेली आहे. पण ‘देशात पहिला’ हे सिद्ध होत नाही. त्याच दिवशी इतर कार्यालयांतही शेकडो अर्ज आले. फ्रीमनचा १ क्रमांक ब्राऊनव्हिलच्या नोंदवहीतला. प्रत्येक कार्यालय आपले क्रमांक स्वतंत्रपणे देत असे.

जमीन फुकट मिळाली, हेही अर्धसत्यच. १६० एकरांसाठी थोडं शुल्क होतं, आणि पाच वर्षं तिथे राहून, घर बांधून, जमीन कसून दाखवावी लागे. शिवाय ती ओसाड नव्हती. ओटो-मिसुरिया या मूळनिवासी लोकांचा हा प्रदेश १८५४च्या तहाने त्यांच्या हातून गेला होता, हे सांगितल्याशिवाय या शेताचा इतिहास पुरा होत नाही.

आणि उद्यानाच्या फोटोंत दिसणारं लाकडी घर? ते फ्रीमनचं नाहीच! साधारण १४ बाय १६ फुटांचं, ओंडक्यांचं ते घर १८६७मध्ये पामर कुटुंबाने दुसरीकडे बांधलं आणि पुढे इथे हलवलं गेलं. भोवतालचं उंच गवतही मूळचं नाही. नांगरून झिजलेल्या जमिनीवर ते १९३९पासून पुन्हा रुजवलंय, आणि मला तेच काम सर्वांत मोलाचं वाटतं.