ख्रिस्ती मनन-डायरी (खानदेश)

ख्रिस्ती मनन-डायरी म्हणजे रात्री झोपायच्या आधी, नाहीतर पहाटेच्या शांत वेळेला, देवासमोर बसून दिवसभरात कोण कोणाशी मायेने वागलं आणि आपण कुठे वेळ असूनही थांबलो नाही हे दोन-चार ओळीत लिहून काढणं. लिहिणारा बहुतेक वेळा देवालाच 'तू' म्हणून लिहितो, त्यामुळे रोजनिशीपेक्षा ती प्रार्थनेच्या जास्त जवळची. खानदेशात यासाठी खास वही कोणी विकत घेताना मी तरी पाहिलं नाही, जानेवारीत पतसंस्थेची नाहीतर बी-बियाण्याच्या दुकानाची फुकट डायरी येते तीच चालते, म्हणजे पानाच्या वर कपाशीच्या वाणाची जाहिरात आणि खाली बायबलातल्या स्तोत्र १०३ मधलं 'त्याचे सर्व उपकार विसरू नको'.

देवाला उद्देशून स्वतःबद्दल लिहायची रीत जुनी आहे, संत ऑगस्टीनने साधारण इ.स. ४०० च्या आसपास आपलं सगळं आयुष्य असंच देवाशी बोलत लिहून काढलं. पुढे जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिवसाची तपासणी करायची पद्धत घालून दिली, त्याच्या पुस्तकाला १५४८ मधे पोपची मंजुरी मिळाली. त्यात एकेका दोषासाठी रोज ओळी आखून ठिपके मांडायला सांगितलंय, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. पण रोजच्या तपासणीची पहिली पायरी मात्र मिळालेल्या उपकारांबद्दल आभार मानायची आहे, चुका नंतर, हे बरेच जण विसरतात. प्रोटेस्टंट बाजूला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७२५ पासून डायरी ठेवली, तीही सांकेतिक खुणांमधे, कोणालाही सहज वाचता येऊ नये अशी.

मराठी बायबलात गलतीकरांस पत्र ५:२२ मधे आत्म्याचं फळ सांगताना 'ममता' असा शब्द आलाय, आणि तो मला दयाळूपणापेक्षा जास्त पटतो. दया वरून खाली होते, ममता शेजारच्या ओट्यावरून पण होते.

आता खरी अडचण. मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:३) येशू म्हणतो की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, मग वहीत लिहायचं कसं? मी स्वतः पहिल्या वर्षी आपण केलेलंच लिहित गेलो, अमक्याला गाडीवर स्टॅंडपर्यंत सोडलं, तमक्याला पन्नास रुपये दिले, आणि डिसेंबरात वाचायला घेतलं तर सरळ किराणा दुकानातली उधारीची वही, प्रत्येकाकडे काहीतरी बाकी. मत्तय २५ मधे शेवटच्या न्यायाच्या वेळी तर नीतिमान लोक उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला तहानलेला कधी पाहिलं, म्हणजे त्यांनी हिशोबच ठेवला नव्हता. म्हणून जुने लिहिणारे सांगतात की आधी दुसऱ्याने आपल्याशी केलेलं लिही, मग आपण जे करायचं टाळलं ते, आणि आपण केलेलं लिहायचंच असेल तर नाव टाकू नको.

इथल्या पानांमधे पाणी फार येतं. मत्तय १०:४२ मधे लहानातल्या एकाला दिलेला, प्रतिफळ न चुकणारा गार पाण्याचा प्याला भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेल्यावर, कोणाला समजावून सांगावा लागत नाही. एका ओळखीच्या मावशींच्या डायरीतलं एक पान त्यांच्या परवानगीने वाचलं होतं, त्यावर एवढंच होतं: 'दुपारी एसटी बंद पडली. केळीच्या ट्रकवाल्या पोराने त्याची बाटली दिली, उष्टी आहे म्हणून लाजला. मी प्याले. तू पाहिलंस.' खाली दुसऱ्या पेनाने, बहुतेक दुसऱ्या दिवशी: 'नाव विचारायचं राहिलं.'

खानदेशातली ख्रिस्ती वस्ती मुख्यतः नंदुरबार जिल्ह्यात (हा जिल्हा १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला), त्यातही नवापूर पट्ट्यात आदिवासी मंडळ्या (चर्चच्या) बऱ्याच. घरात मावची नाहीतर भिल्ली बोलतात, लिहायला मात्र शाळेतली मराठी, त्यामुळे वहीतली वाक्यं थोडी पाठ्यपुस्तकी होतात आणि मधेच एखादा घरचा शब्द घुसतो, तोच खरा असतो. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात तेव्हा वही पत्र्याच्या पेटीत राहते, आजकाल काही तरुण मोबाईलमधे स्वतःलाच व्हॉइस मेसेज पाठवून ठेवतात. ज्यांना लिहिता येत नाही ते नातवाला सांगतात, तो लिहितो, आणि स्वतःबद्दलचं असलं की हळूच गाळतो.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्षी होतात, म्हणजे देवाने काय केलं ते लोक सगळ्यांसमोर सांगतात, तेव्हा काही जण डायरी सोबत आणतात. पाळक (चर्चचे धर्मगुरू) सहसा एकालाच जास्त वेळ देत नाहीत, बाराला प्रार्थना करायची असते, म्हणून लोक आधीच पानाचा कोपरा दुमडून येतात. ज्याच्याबद्दल वाचतात तो कधी कधी मागच्या चटईवरच बसलेला असतो, नाव घेतलेलं नसतं तरी त्याला कळतं, आणि तो उठून बाहेर चहाच्या पातेल्याकडे निघून जातो.