मामा रेफर करतील, पण रेफरन्स देऊ शकणार नाहीत

प्लेसमेंटचा हंगाम आला की लिंक्डइनवर एकाच साच्यातले मेसेज येऊ लागतात. ‘सर, तुमच्या कंपनीत माझा रेफरन्स द्या ना, प्लीज.’ पाठवणाऱ्याला मी कधी पाहिलेलं नसतं, त्याचं नावही त्याच दिवशी कळलेलं असतं. त्याला हवं असतं रेफरल, म्हणजे आतल्या माणसाने त्याचं नाव कंपनीला सुचवणं. तोच मुलगा काही महिन्यांनी निवड होऊन कंपनीचा फॉर्म भरायला बसतो आणि ‘दोन रेफरन्स’, म्हणजे फोन करून ज्यांना त्याच्या कामाबद्दल विचारता येईल अशी दोन माणसं, असं विचारलेल्या रकान्यात कोणाला घालतो? रेफरल देणाऱ्या त्या अनोळखी सीनिअरला, आणि त्याच्याखाली सख्ख्या मामांना. भरतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून हा घोळ इतक्यांदा पाहिलाय की आता एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या मेसेजला उत्तर म्हणून हेच पाठवीन.

रेफरल काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. कंपनीतला माणूस आतल्या पोर्टलवर तुमचं नाव, ईमेल, जॉब आयडी आणि रेझ्युमे टाकतो, तुम्हाला लिंक येते, तुम्ही अर्ज पुरा करता. तुमची निवड झाली आणि तुम्ही काही महिने टिकलात तर बऱ्याच कंपन्या त्याला बोनस देतात, म्हणून अनोळखी माणूसही कधीमधी हो म्हणतो. रेफरलने रेझ्युमे कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाण्याची शक्यता वाढते. परीक्षा माफ होत नाही. टीसीएसची एनक्यूटी ही भरती परीक्षा किंवा इन्फोसिसची हॅकविथइन्फी ही कोडिंग स्पर्धा अशा वाटेने जाणाऱ्या फ्रेशरला तिथले गुणच पुढे नेतात, सीनिअरला मेसेज करून ते वाढत नाहीत. मागायचंच असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये जॉब आयडी, रेझ्युमेची लिंक आणि त्या कामाला तुम्ही का जुळता याच्या दोन ओळी लिहा. नुसतं ‘हाय सर’ लिहून समोरच्याच्या ‘हॅलो’ची वाट बघणाऱ्यांना मी उत्तर देत नाही, आणि देणारे फार थोडे असतील.

आता रेफरन्स. ट्रेनिंग सेशनमध्ये फरक सांगतात तो एवढाच: रेफरल अर्जाच्या आधी, रेफरन्स मुलाखतीच्या नंतर. हे बरोबर आहे, पण याने कोणाचा गोंधळ मिटलेला मी पाहिला नाही, कारण घोटाळा वेळेचा नाहीच. तो माणसाचा आहे. रेफरल देणाऱ्याला कंपनी माहीत असावी लागते, तुम्ही नसलात तरी चालतं. रेफरन्स देणाऱ्याला तुमचं काम माहीत असावं लागतं, कंपनीचं नाव त्याने कधी ऐकलं नसलं तरी बिघडत नाही.

मामांचंच उदाहरण घ्या. मामा हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीत नोकरीला आहेत. ते तुम्हाला रेफर करू शकतात. पोर्टलवर नातं विचारलं तर ‘नातेवाईक’ असं खरं सांगायचं आणि त्यांच्या कंपनीच्या नियमात बसत असेल तर पुढे जायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. पण तेच मामा तुमचा रेफरन्स होऊ शकत नाहीत. तुम्ही गणपतीत आरती छान म्हणता हे त्यांना माहीत आहे, तुम्ही डेडलाइन पाळता का हे माहीत नाही. आणि माहीत असतं तरी भाच्याबद्दल मामा काय सांगणार, हे फोन करणाऱ्यालाही कळतं. उलट तुमच्या प्रोजेक्ट गाईड मॅडम. त्यांनी कॉलेजबाहेर कुठे नोकरी केलेली नसेल, त्यांच्याकडे रेफरल मागून काही उपयोग नाही. रेफरन्स म्हणून मात्र त्यांच्यासारखं माणूस मिळणार नाही, कारण तुमचा सर्किट बोर्ड जळला तेव्हा तुम्ही काय केलंत ते त्यांनी समोर उभं राहून पाहिलंय.

नातेवाईक आणि शेजारी या रकान्यात येतात याचं एक कारण मला पासपोर्ट वाटतं. त्या अर्जात दोन जणांची नावं-पत्ते मागतात, तिथे शेजारचे काका अगदी योग्य, कारण प्रश्न ‘हा माणूस इथे राहतो का’ असा असतो. सरकारी नोकरीतल्या चारित्र्य पडताळणीतही साधारण तोच प्रकार. पण खासगी कंपनीला तुम्ही कुठे राहता हे शेजाऱ्याकडून नको असतं, पत्ता आणि मार्कशीट तपासायला तिच्याकडे एजन्सी असते. ती बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, वेगळी भानगड, त्यात मुख्यतः कागद जुळवतात.

ओळखी कशा वापरायच्या याबद्दलही इथे एक गंमत आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध छापला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं होतं, की ज्या ओळखीतून ही नोकरी कळली त्या माणसाला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होतात. वारंवार, असं म्हणणारे १६.७ टक्के होते. अधूनमधून म्हणणारे ५५.६ टक्के आणि क्वचित म्हणणारे २७.८ टक्के. जिवलग मित्रांना साधारण तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला आणि तिथेही नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा पातळ ओळखी जास्त कामी आल्या, अगदीच पुसट नव्हे, मधल्या.

नेटवर्किंगवरच्या प्रत्येक भाषणात हे आकडे फिरतात आणि त्यातून मुलं निष्कर्ष काढतात, की पाचशे कनेक्शन जमवले की झालं. रेफरलपुरतं ते थोडंफार खरं आहे. रेफरन्सला ते पूर्ण उलटं लागू होतं. तिथे पातळ ओळख निरुपयोगी. पाचशेतले चारशे नव्वद तुमच्याबद्दल एक वाक्य खात्रीने बोलू शकत नाहीत, आणि तुम्हाला हवी असतात ती फक्त दोन माणसं जी दहा वाक्यं बोलतील. कॉलेजची तीन-चार वर्षं मुलं कनेक्शन जमवण्यात खर्ची घालतात आणि रेफरन्सचं काम शेवटच्या आठवड्यात उरकायला बघतात. खरं तर रेफरल आठवड्यात जमतं, रेफरन्स तयार व्हायला वर्ष लागतं.

मग कोणाला धरायचं? माझा आग्रह असा, की पद बघू नका. प्राचार्यांचं नाव लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. एचओडींचा, म्हणजे विभागप्रमुखांचा, शिक्का असलेलं, ‘ज्याचा संबंध असेल त्यास’ असा मथळा असलेलं पत्र तर हल्ली साच्यातून निघतं, खाली फक्त नाव बदलतात. असं पत्र पाहिलं की मी ते बाजूला ठेवतो. फोन केला तर प्राचार्य काय म्हणणार? ‘चांगला मुलगा आहे, नियमित होता.’ चार हजार मुलांच्या कॉलेजात याहून जास्त ते सांगू शकत नाहीत, त्यांचा दोष नाही. त्यापेक्षा ज्या कंपनीत दोन महिने इंटर्नशिप केली तिथला साधा टीम लीड बरा. कॉमर्सवाल्यांना आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीची, दोन वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली ते सीए. आर्ट्सवाल्यांना वाटतं आपल्याकडे कोणीच नाही, पण एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या निवासी शिबिरात तुम्ही पन्नास जणांच्या जेवणाची आणि पाण्याची व्यवस्था लावली असेल, तर ती पाहणारे कार्यक्रम अधिकारी हा उत्तम रेफरन्स आहे. हे नाव मात्र फार कमी जणांच्या फॉर्मवर दिसतं.

इंजिनिअरिंगला एक खास अडचण असते. प्रोजेक्ट चौघांचा, गाईडशी बोलणारा एक. वर्षाच्या शेवटी गाईडना ग्रुप लीडर आठवतो, बाकी तिघं ‘त्याच्या ग्रुपमधले’. तुम्ही त्या तिघांपैकी असाल तर काम कितीही केलेलं असो, ते कोणी पाहिलेलं नाही, म्हणजे रेफरन्स नाही. यावर उपाय साधा आहे. दर आठवड्याच्या प्रोजेक्ट डायरीत सही घ्यायला स्वतः जा, आपण केलेला भाग आपण समजावून सांगा, अडलेलं आपण विचारा. यात पुढेपुढे करणं काही नाही. कारण नंतर फोनवर विचारतात ते असं: यांना तुम्ही किती दिवस आणि कोणत्या नात्याने ओळखता? यांनी नेमकं काय केलं? अडचण आली तेव्हा कसे वागले? कुठे कमी पडतात? पुन्हा यांना सोबत घ्याल का? ‘सेन्सरचं रीडिंग चुकत होतं, ते पकडलं तिने, आणि कॅलिब्रेशनही पुन्हा तिनेच केलं’ असं एक वाक्य आलं, की ‘मेहनती आहे’ची दहा वाक्यं मागे पडतात. कुठे कमी पडते हेही गाईड सांगतील, सांगू द्या. एकही उणीव न सांगणाऱ्या रेफरन्सवर माझा तरी विश्वास बसत नाही.

आणि परवानगी घ्या. हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं, पण निम्म्या फोनना समोरून ‘कोण? कुठल्या बॅचचा?’ असं उत्तर येतं. नाव देण्याआधी विचारा, आणि विचारताना नकाराला जागा ठेवा: ‘मॅडम, माझ्या कामाबद्दल सविस्तर सांगता येईल असं तुम्हाला वाटतं का?’ त्या घुटमळल्या तर आभार मानून दुसऱ्या कोणाकडे जा. हो म्हणाल्या तर तुमचा रेझ्युमे, ज्या पदासाठी अर्ज केलाय त्याचं वर्णन आणि त्यांच्यासोबत काय काम केलं याची पाच ओळींची आठवण ईमेलने पाठवा. फोन कोणत्या कंपनीकडून येऊ शकतो तेही कळवा. अनोळखी नंबर, त्यावर ट्रूकॉलरची स्पॅमची लाल खूण, आणि मॅडम प्रॅक्टिकल घेत असतात. आधी सांगितलं नाही तर फोन उचललाच जाणार नाही.

बारीकसारीक फरक भराभर सांगतो. रेफरल एका जागेसाठी एकाकडून पुरतं, रेफरन्स सहसा दोन मागतात. रेफरलला व्हॉट्सअॅप चालतं, रेफरन्सला त्या व्यक्तीचा कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल असलेला बरा, जीमेलवर शंका घेतात. रेझ्युमेवर रेफरन्सची नावं-नंबर छापू नका, आपल्या सरांचा मोबाइल तुम्ही पन्नास अनोळखी कंपन्यांना वाटताय. आणि ‘मागितल्यास रेफरन्स देऊ’ ही तळाची ओळ काढून टाका. मागितल्यावर सगळेच देतात.

परदेशी एमएससाठी लागणारं एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, हे रेफरन्सच्याच कुळातलं आहे, पण ते विद्यापीठासाठी लिहिलेलं असतं. त्यातला ‘संशोधनाची आवड’वाला परिच्छेद नोकरीच्या फॉर्मला जोडू नका. पत्र स्वतः लिहून सरांची सही घेण्याची पद्धत आपल्याकडे बोकाळली आहे. मला ती अजिबात आवडत नाही, आणि चार मुलांच्या पत्रांत तेच विशेषण त्याच जागी आलं की ती लपतही नाही. जर्मनीची तयारी करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथे नोकरी सोडताना लेखी प्रमाणपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यातली भाषा इतकी ठरीव असते की ‘आमच्या पूर्ण समाधानापर्यंत’ आणि ‘आमच्या पूर्णतम समाधानापर्यंत’ यांत एका श्रेणीचा फरक पडतो. तिथे गोड वाचलं म्हणून खूश होऊ नका, जाणत्याला दाखवा.

राहिला टेलिग्रामवर पैसे घेऊन मिळणारा प्रकार. हजार-दोन हजार रुपयांत ‘रेफरल गॅरंटी’ विकणारे ग्रुप आहेत, आणि आता त्यात ‘रेफरन्स पॅकेज’ही मिळतं, म्हणजे फोन उचलून तुमचा मॅनेजर असल्याची बतावणी करणारा माणूस. पहिल्यात तुमचे पैसे जातील. दुसऱ्यात ऑफर जाईल, आणि रुजू झाल्यानंतर उघडकीला आलं तर नोकरी जाईल. अशा नंबरवर मी फोन केलेला आहे. समोरच्याने उमेदवाराच्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं. तो उमेदवार कोणत्या प्रोजेक्टवर होता असं विचारल्यावर म्हणाला, ‘एक मिनिट हं,’ आणि मागे कागद चाळल्याचा आवाज आला.