आधी योजना, मग माणूस, शेवटी खोली

महिन्यातून एक दिवस गावच्या अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिन भरतो. नर्सबाई लशींचा डबा घेऊन येतात, आशाताई घरोघरी निरोप देऊन बायकांना गोळा करतात, सेविकाताई तुळईला अडकवलेल्या साल्टर काट्यावर बाळांची वजनं घेतात. त्याच खोलीत मदतनीस खिचडी शिजवत असते आणि एका कोपऱ्यात तीन-चार वर्षांची मुलं बसलेली असतात. अशा वेळी गरोदर बाईचं पोट तपासायचं असेल तर साडी किंवा चादर आडवी धरावी लागते. आरोग्य आणि बालविकास ही दोन्ही खाती गावात याच खोलीत एकत्र येतात, पण खोली बांधताना दोन्ही खात्यांनी एकत्र बसून तिचा नकाशा काढला होता असं क्वचितच आढळतं. असं का झालं, ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात भोर समितीपासून, म्हणजे ब्रिटिश काळात देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करायला नेमलेल्या समितीपासून, करावी लागते. 1943 मध्ये नेमलेल्या या समितीने 1946 मध्ये अहवाल दिला आणि ‘प्राथमिक आरोग्य केंद्र’ ही कल्पना रूढ झाली. समितीचं दूरचं स्वप्न मोठं होतं: दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे 75 खाटांचं केंद्र. तोपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून 40,000 लोकांमागे एक केंद्र सुचवलं गेलं आणि तिथे किती डॉक्टर, किती परिचारिका, किती सुईणी लागतील याचा तपशीलही दिला गेला. प्रत्यक्षात उतरलं ते याहून तोकडं. 2 ऑक्टोबर 1952 ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकास गटागणिक केंद्रं उघडू लागली. एका गटात साठ-सत्तर हजार माणसं, त्यांच्यासाठी सहा खाटा आणि तीन उपकेंद्रं. माणसं आणि खाटा मोजून जागा ठरवायची सवय तेव्हापासूनची आहे. त्या खाटेपाशी काय घडणार आणि तिथे कोण कुणासमोर उघडं पडणार, हे मात्र मोजणीत आलं नाही.

महाराष्ट्रात याला एक वेगळं वळण मिळालं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली आली. जिल्हा रुग्णालय आणि पुढे आलेली ग्रामीण रुग्णालयं राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या अखत्यारीत राहिली. एकाच तालुक्यातला रुग्ण केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवला, की तो एका प्रशासनातून दुसऱ्यात जातो. इमारतींचंही तसंच आहे. जिल्हा परिषदेचा स्वतःचा बांधकाम विभाग आहे आणि राज्याचा सार्वजनिक बांधकाम विभाग निराळा आहे. स्थानिक संस्थेच्या हाती आरोग्य देण्याचा 1962 चा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण गळक्या उपकेंद्राबद्दल गावकरी आपल्या सदस्याला जाब विचारू शकतो. पण त्याच जिल्हा परिषदेत आरोग्य, समाजकल्याण आणि पुढे महिला व बालकल्याण हे विभाग वेगवेगळ्या दारांनी काम करू लागले. प्रत्येकाचं लेखाशीर्ष, म्हणजे पैसा ज्या नावाखाली येतो ते खातं, वेगळं असल्याने इमारतीही वेगवेगळ्या झाल्या.

1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय, म्हणजे एकाच वेळी अनेक आरोग्य कार्यक्रमांची कामं करणारा, आरोग्य कर्मचारी आला आणि पुढे निकष पक्के झाले: मैदानी भागात 30,000 लोकसंख्येमागे प्राथमिक केंद्र, 5,000 मागे उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात 20,000 आणि 3,000. निकषात बसलं की उपकेंद्र मंजूर व्हायचं आणि पद भरलं जायचं. इमारत पुढच्या वर्षीच्या तरतुदीवर ढकलली जायची. मधल्या काळात नर्सबाई ग्रामपंचायतीच्या खोलीत, समाजमंदिरात किंवा कुणाच्या ओसरीवर बसायच्या. राहायलाही तिथंच, नाहीतर तालुक्याहून ये-जा. ‘नर्स गावात राहत नाही’ ही तक्रार प्रत्येक ग्रामसभेत निघते. रात्री कडी लावता येईल अशी खोली तिला दिली होती का, हा प्रश्न मात्र कुणी काढत नाही.

अंगणवाडीची कथा याहून अवघड आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात 33 प्रकल्पांत सुरू झाली. हजार लोकसंख्येमागे एक अंगणवाडी, आदिवासी भागात सातशेमागे. नावातच अंगण होतं आणि गावाने जागा द्यावी ही अपेक्षाही होती. मग देवळाचा सभामंडप, चावडी, शाळेचा व्हरांडा, सेविकेच्याच घराचा पुढचा भाग, जिथे मिळेल तिथे पोरं बसली. सेविकेला मानधन मिळे. घराचा अर्धा भाग ती योजनेला देऊन टाके, त्याची मोजदाद कुठल्याच कागदावर नसे.

पुढे योजना वाढली ती न्यायालयाच्या रेट्याने. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 ला आदेश दिला, की सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी आणि देशात 14 लाख अंगणवाड्या असाव्यात. लोकसंख्येचा निकषही 400 ते 800 पर्यंत खाली आला. हा आदेश फार मोलाचा होता. त्यामुळे अनेक पाड्यांवर आणि तांड्यांवर पहिल्यांदा अंगणवाडी पोहोचली. पण केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली आणि बांधकाम त्या वेगाने झालं नाही. अंगणवाडी म्हणून नक्की काय बांधायचं, हे योजनेच्या 2012 नंतरच्या पुनर्रचनेत नीट लिहिलं गेलं: निदान 600 चौरस फूट जागा, मुलांना बसायची खोली, वेगळं स्वयंपाकघर, धान्याची कोठी, लहान मुलांना बसता येईल असं शौचालय. योजना सुरू होऊन तेव्हा साडेतीन दशकं उलटून गेली होती. 2015 पासून रोजगार हमीच्या पैशाची सांगड घालून इमारती बांधायला मान्यता मिळाली. आधी एका इमारतीला 7 लाख रुपये धरले होते, पुढे ते 12 लाख झाले.

आरोग्याच्या बाजूला हेच काम 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने केलं. बाळंतपणं दवाखान्यात व्हावीत म्हणून जननी सुरक्षा योजना आली आणि आजवर औषधाचं कपाट ठेवलेल्या खोलीत बाळंतपणाचं टेबल बसवावं लागलं. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांत उपकेंद्राच्या खोल्यांची लांबी-रुंदी लिहिली गेली. 2012 च्या सुधारित मानकांनी उपकेंद्रांचे दोन प्रकार केले: बाळंतपण होणारी आणि न होणारी. प्राथमिक केंद्राला 375 ते 450 चौरस मीटर जोत्याचं, म्हणजे इमारत उभी राहते त्या जागेचं, क्षेत्र धरलं गेलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत समंजस टप्पा. इथे पहिल्यांदा काम काय होणार ते आधी विचारलं गेलं आणि भिंती नंतर आखल्या गेल्या.

पण 2018 पासून त्याच उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी, म्हणजे आजचं आयुष्मान आरोग्य मंदिर, हे रूप आलं. समुदाय आरोग्य अधिकारी आले, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आली, ऑनलाइन डॉक्टरी सल्ला आला, योगाचे वर्गही आले. नर्सबाई आणि एक सेवक धरून आखलेल्या जागेत आता आणखी एका अधिकाऱ्याचं टेबल, संगणक आणि रुग्णांची रांग बसवायची आहे.

शहरात चित्र थोडं निराळं आहे. मुंबईच्या विकास आराखड्यात दवाखान्यासाठी भूखंड आरक्षित असतात आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दर शंभर कुटुंबांमागे बालवाडी आणि कल्याण केंद्राची खोली सांगितलेली आहे. म्हणजे कागदावर तरी इथे खोली आधी येते. तरीही 2022 मध्ये महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले, तेव्हा अनेक ठिकाणी पोर्टा केबिन, म्हणजे तयार आणून ठेवलेल्या खोल्या, उभ्या कराव्या लागल्या. वस्ती जिथे दाट, तिथे मोकळी जमीन नसते, आणि आरक्षित भूखंड बहुतेकदा वस्तीपासून दूर असतो.

आता 2020 च्या शैक्षणिक धोरणाने अंगणवाड्या प्राथमिक शाळेच्या आवारात आणण्याची दिशा दिली आहे. पट घटलेल्या जिल्हा परिषद शाळांत रिकाम्या खोल्या आहेत आणि भाड्याच्या जागेतल्या अंगणवाडीला त्या मिळाल्या तर उत्तमच. पण शाळा हमरस्त्यापलीकडे असेल तर तीन वर्षांचं पोर तिथवर रोज कोण नेणार? आणि शाळेच्या वर्गालाही चार खिडक्या असतात, तपासणीसाठी आडोसा नसतो. महिन्याच्या त्या एका दिवशी नर्सबाईंना लागणारी दार लावता येणारी छोटी खोली, हात धुवायचा नळ आणि एक टेबल या नव्या नकाशांतही आधीच मागून घ्यावं लागेल.