सरकलेलं वेगळं, झाकलेलं वेगळं

दोन डोळ्यांमुळे खोली कळते (भाड्याची नव्हे, अंतराची) हे शाळेत घोकलेलं असतं, पण त्यात दोन गोष्टींची खिचडी होते.

पहिली सोपी आहे. डोळ्यांमध्ये साधारण 6.3 सेंमी अंतर, त्यामुळे एकच वस्तू दोन्ही डोळ्यांना जरा वेगवेगळ्या जागी दिसते आणि तेवढ्या सरकण्यावरून मेंदू अंतर ताडतो. व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1838 मध्ये दोन चित्रं आरशांतून एकेका डोळ्याला दाखवून हेच सिद्ध केलं.

दुसरी गंमत जास्त भारी आहे आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. टेबलावर समोर अर्ध्या मीटरवर 10 सेंमी रुंद स्टीलचा डबा ठेवा, त्याच्यामागे अजून अर्ध्या मीटरवर भिंतीवरचं कॅलेंडर. आता आलटून पालटून एकेक डोळा मिटा. डब्याच्या डाव्या कडेला सहाएक सेंमीचा तारखांचा पट्टा फक्त डाव्या डोळ्याला दिसतो, उजव्या कडेचा फक्त उजव्याला. म्हणजे इथे सरकण्याचा प्रश्नच नाही, कारण दुसऱ्या डोळ्यात त्या तारखांची जोडीच नाहीये! तरी मेंदू गोंधळत नाही, उलट ‘इथे कडा आहे, डबा पुढे, हा भाग मागे’ असं बिनदिक्कत ठरवतो. दा विंचीनं हे कधीच टिपलं होतं, म्हणून नाकायामा आणि शिमोजो या संशोधकांनी 1990 मध्ये या प्रकाराला त्याचंच नाव दिलं.

गोंधळ का होतो, तर दोन्ही कायम एकत्रच येतात. युलेश या संशोधकाची 1960 ची ठिपक्यांची चित्रं घ्या ना: दोन सारखीच चित्रं, एकेका डोळ्याला एकेक. एका चित्रात मधला चौकोन सरकवला की तो तरंगताना दिसतो हे सगळ्यांना माहीत, पण सरकवल्यावर बाजूला जी मोकळी पट्टी पडते तिच्यात नवेच ठिपके भरावे लागतात, आणि त्यांना दुसऱ्या चित्रात जोडीदार नसतो.

वस्तू डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा अरुंद असली की अजून मजा. खिडकीचा गज समजा 1 सेंमी जाड, तुम्ही अर्ध्या मीटरवर उभे, तर गजामागचे दहाएक सेंमी सोडले की पुढचं सगळं एका ना एका डोळ्याला दिसतंच. एक डोळा मिटलात तर मात्र तोच गज 30 मीटरवर 60 सेंमीची पट्टी खातो, म्हणजे गेटपाशी उभा दूधवाला अख्खा गायब.