अर्धा इंची पाइपाचे आटे: एक जुनी फारकत

आपल्या अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपलाइनवर अमेरिकी बनावटीचा प्रेशर गेज किंवा व्हॉल्व्ह बसवताना सुरुवातीचे आटे हातानं सहज चढतात. मग पाना लावावा लागतो. टेफ्लॉन टेपचे वेढे कितीही वाढवले, तरी दाब वाढला की पाझर सुरू होतो. ठपका बहुतेक वेळा प्लंबरवर येतो आणि तो अन्याय आहे. पाइपावर ब्रिटिश घराण्याचे बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे असतात, व्हॉल्व्हवर अमेरिकी एनपीटी (नॅशनल पाइप टेपर), आणि या दोघांची वाट दीडशे वर्षांपूर्वीच वेगळी झाली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडायचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट गोळा करून त्यांची सरासरी काढली आणि 1841 मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे एकच पद्धत मांडली. आट्याच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि कोणत्या व्यासाला एका इंचात किती आटे हेही ठरलेलं.

पाइपाला मात्र बोल्टचे आटे चालणार नव्हते. एक इंची बोल्टला इंचात 8 आटे असतात. तितके खोल आटे पाइपावर पाडले, तर जाडी उरतेच किती? म्हणून पाइपासाठी बारीक आट्यांची वेगळी मालिका आली: पाव इंचीला 19, अर्धा आणि पाऊण इंचीला 14, एक इंची आणि त्यापुढे 11. नवशिक्याला चकवणारी आणखी एक गोष्ट इथलीच. अर्धा इंची पाइपावरचे आटे बाहेरून जवळजवळ 21 मिमी भरतात. ‘अर्धा इंच’ हे मुळात आतल्या पोकळीचं माप होतं. आटे बाहेर असल्यामुळे बाहेरचा व्यास कायम राहिला आणि नावही तेच चिकटलं.

अमेरिकेत 1864 मध्ये विल्यम सेलर्स यांनी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये व्हिटवर्थ पद्धतीवर हरकत घेतली. 55 अंशाचा कोन अचूक तपासणं अवघड आणि गोल माथा घडवायला खर्चिक, म्हणून त्यांनी 60 अंश आणि सपाट माथा सुचवला. साधारण त्याच सुमारास, त्याच शहरातल्या पास्कल आयर्न वर्क्समध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यांनी पाइपाच्या आट्यांची मापं बसवली. तीही 60 अंशांची, 16 ला 1 अशा उतारानं निमुळती होत जाणारी. 1886 मध्ये अमेरिकी उत्पादकांनी ती स्वीकारली. आजचं एनपीटी हे त्यांचंच रूप.

खरी अडचण अर्धा आणि पाऊण इंचीत आहे. पाव इंचीला बीएसपीचे 19, एनपीटीचे 18. एक इंचीला 11 आणि साडेअकरा. तिथे आटे लवकर अडकतात आणि चूक लक्षात येते. अर्धा-पाऊण इंचीला दोन्हीकडे 14 च आटे, निमुळतेपणा सारखा आणि व्यासातला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. आटे एकमेकांत जातात, पण 55 च्या खाचेत 60 चा आटा पुरता बसत नाही. मग आट्याच्या कडेकडेनं गोल फिरत जाणारी बारीक पोकळी राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं.

बोल्टचं भांडण दुसऱ्या महायुद्धातल्या अडचणींनंतर मिटलं. 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 60 अंशांच्या समान आट्यांवर सह्या केल्या. पाइपाबाबत तसं झालं नाही. भिंतींत आणि जमिनीखाली गेलेलं जाळं कोण उखडणार?

भारतात ब्रिटिश काळापासून बीएसपीच रुजलं. पाइपाच्या आट्यांचं आपलं भारतीय मानक, आयएस 554, त्याच घराण्यातलं. जपानी पीटी आणि जर्मन यंत्रांवरचे जी आटेही 55 अंशांचेच. त्यातले जी आटे मात्र सरळ असतात. ते वायसरवर किंवा ओ-रिंगवर सील होतात, टेपवर नाही.

आटे ओळखताना आधी व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरनं) टोकाशी आणि मागे असं दोन ठिकाणी व्यासाचं माप घ्यावं. फरक आला तर आटे निमुळते. मग थ्रेड गेजची (आट्यांच्या आकाराचे दाते असलेल्या पात्यांच्या जुडग्याची) इंचात 14 आट्यांची पाती लावून उजेडासमोर धरावी, आधी 55 अंशांची, मग 60 ची. जिच्या कडेनं उजेड दिसत नाही, ती बरोबर. दोन्ही बाजू वेगळ्या निघाल्या, तर एका टोकाला बीएसपी आणि दुसऱ्याला एनपीटी असलेला ॲडॅप्टर घ्यावा. पान्याचा जोर लावत बसलात, तर व्हॉल्व्हचे पितळी आटे आधी जातील.