फाळके म्हणजे फक्त देवादिकांचे सिनेमे?

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात गेलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘दादासाहेबांचा माहितीपटाशी काय संबंध? सगळं पौराणिकच!’ साफ चूक. ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला १९१३ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसानं कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडंथोडं चित्रण केलं. कोंब फुटतो, वेल चढतो. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर भराभर. पुढच्या सिनेमाला भांडवल मिळालं ते हीच फीत दाखवून! पुढे चित्रपट कसे तयार करतात, यावरही त्यांनी लघुपट केला. मीही माहितीपट करतो. विषय सुचेना की ‘हिमालयात जायला हवं’ म्हणत बसायचो. आता आधी गॅलरीतल्या कुंड्या बघतो.